‘आपण’ म्हणजे कोण? : हृदयशस्त्रक्रियेपूर्वीचा सल्ला, कुटुंब आणि विनोद

१

आजारपणाविषयी मराठीत लिहिले गेले आहे ते थोडे नाही. त्या लेखनाची समीक्षा मात्र तुटपुंजी आहे. जी झाली आहे तिचा कल दोन दिशांना जातो. एक तर अशा लेखनाकडे अनुभवकथन म्हणून पाहून लेखकाच्या धैर्याचा गौरव केला जातो, नाही तर उपयुक्त माहितीचा ऐवज म्हणून त्याची शिफारस केली जाते. दोन्ही ठिकाणी संहिता बाजूला राहते. कोण बोलतो, कुणाच्या वतीने बोलतो, कोणत्या क्षणी बोलणे थांबते आणि कोणत्या क्षणी हसू फुटते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

प्रस्तुत लेखात आजाराच्या कथनातील एकाच टप्प्याचा विचार करावयाचा आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असल्याचे निदान झाले आहे, शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही, आणि रुग्ण आपल्या माणसांसह एका तज्ज्ञाकडून दुसऱ्या तज्ज्ञाकडे जात आहे, असा हा टप्पा आहे. तो काही दिवसांचा असतो, क्वचित काही आठवड्यांचा. आत्मकथनात तो बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. निवेदकाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचण्याची घाई असते आणि तेथून पुनर्जन्मापर्यंत. वास्तविक भाषेच्या दृष्टीने सर्वांत गजबजलेला असा हाच टप्पा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण बेशुद्ध असतो, त्यानंतर तो थकलेला असतो. सल्लामसलतीच्या काळात मात्र तो बोलतो, ऐकतो, आणि पुष्कळदा विनोदही करतो.

मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा : या काळातील विनोदाला भीतीवरचा उतारा समजणे अपुरे आहे. बोलणाऱ्याची हिरावली जाणारी जागा परत मिळवण्याचा तो रुग्णाचा एक प्रयत्न असतो. म्हणून विनोद झाला की नाही यापेक्षा तो कुणाच्या तोंडी आहे, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

२

हा प्रसंग फार जुना नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र जिवंत माणसात निवडकपणे घेण्याचे तंत्र मेसन सोन्स यांना १९५८ साली क्लीव्हलंड येथे गवसले. त्याच संस्थेत रेने फावालोरो यांनी १९६७ साली पायाची शीर वापरून बायपासच्या शस्त्रक्रियेला तिचे आजचे रूप देण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केप टाउनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तो प्रयत्न भारतात केला. १९७७ साली आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झूरिक येथे फुग्याच्या साहाय्याने हृदयाची रक्तवाहिनी रुंद केली. म्हणजे अवघ्या वीस वर्षांत, जेथे विश्रांती आणि प्रार्थना यांपलीकडे फारसे काही नव्हते तेथे निवड करण्याची वेळ आली. औषधे, अँजिओप्लास्टी की बायपास, हा प्रश्न घराच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

ही निवड आज अधिकच अवघड झाली आहे. सदतीस देशांतील ५१७९ रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या चाचणीत असे आढळले, की स्थिर हृदयविकाराच्या रुग्णांत आरंभीच अँजिओप्लास्टी अथवा बायपास केल्याने, केवळ औषधोपचारांनी सुरुवात करण्याच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण घटले नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांचा त्रास मात्र कमी झाला. डाव्या मुख्य रक्तवाहिनीतील गंभीर अडथळा असणारे रुग्ण या चाचणीत नव्हते; तातडीच्या झटक्याची गोष्टही वेगळी. पण पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांसमोरची बैठक हा निकाल ऐकण्याचा प्रसंग राहिलेला नसून ती खरोखरीची मसलत झाली आहे, किंवा निदान व्हायला हवी आहे. जेथे मसलत असते तेथे वक्ते अनेक असतात, आणि जेथे वक्ते अनेक असतात तेथे समीक्षेला काम असते.

आर्थर फ्रँक यांनी ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत बरे होण्याचे कथन, विस्कळिताचे कथन आणि शोधाचे कथन. वर्गीकरण उपयुक्त आहे. मराठीत डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे शोधाच्या कथनाचे ठळक उदाहरण होय; तेथील ‘साक्षात्कारी’ हे विशेषणच रोगाला गुरुपदी बसवते. परंतु सल्लामसलतीचा काळ फ्रँक यांच्या तिन्ही कप्प्यांत नीट बसत नाही. बरे होऊ की नाही हे ठाऊक नसते, म्हणून पहिला प्रकार गैरलागू. तारखा, तपासण्या आणि खर्चाचे अंदाज यांची काटेकोर व्यवस्था असते, म्हणून दुसराही नाही. आणि अर्थ शोधण्याइतके अंतर अद्याप पडलेले नसते. या काळाचे कथनरूप प्रश्नोत्तराचे आहे. साक्षात्कार एकट्याला होतो. प्रश्नोत्तरे चारचौघांत होतात. विनोदाला जागा मिळते ती या चारचौघांत.

३

या चारचौघांची भाषा कशी असते? इस्पितळांच्या प्रतीक्षागृहांत आणि घरोघरी जी वाक्ये ऐकू येतात त्यांना कर्ता नसतो; ओव्या-म्हणींप्रमाणे ती तोंडातोंडी फिरतात. त्यांतले एक वाक्य डॉक्टरांचे : ‘आपण शुक्रवारी करून टाकू.’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. पण ‘आपण’चे काम येथेच संपत नाही. ते आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनाम आहे (‘आपण बसावे’). ते आत्मवाचक आहे (‘तो आपण होऊन आला’). आणि बोलीत ते ऐटीचे प्रथमपुरुषी एकवचनही आहे (‘आपण नाही बुवा घाबरत’). एकाच सर्वनामाची ही चार मूल्ये सल्लामसलतीच्या खोलीत एकाच वेळी उपस्थित असतात. डॉक्टर ‘आपण’ म्हणतात तेव्हा ते रुग्णाला आपल्या कृतीत सामील करून घेतात. प्रत्यक्षात कृती एकाची आणि छाती दुसऱ्याची असते. पत्नी म्हणते, ‘आपण दुसरे मत घेऊ या’. तेथे ‘आपण’मध्ये घर येते आणि डॉक्टर बाहेर राहतात. मुलगा म्हणतो, ‘आपण पैशाची काळजी करायची नाही’. तेथे ‘आपण’ हे वडिलांना उद्देशून केलेले आर्जव असते आणि त्याचबरोबर स्वतःला घातलेला धीरही.

अशा वेळी रुग्णाने डॉक्टरांना विचारावे, ‘शुक्रवारी आपण छाती उघडायची म्हणता, आधी तुमची की माझी?’ आणि खोलीत हशा पिकावा. या वाक्याने काय साधले? ज्या सर्वनामात रुग्ण विरघळून गेला होता ते त्याने फोडले. डॉक्टरांचा अवमान झाला नाही, शस्त्रक्रियेला नकारही दिला गेला नाही. फक्त छाती कुणाची आहे याची नोंद झाली. यात शब्दांचा खेळ आहे हे खरेच; पण खेळापलीकडे हे व्याकरणातून केलेले हक्काचे विधान आहे. ‘माझी छाती आहे, मला विचारा’ हेच सरळ म्हटले असते तर ते तक्रारीसारखे ऐकू आले असते आणि समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात गेला असता. विनोदाने तोच आशय समोरच्याला हसत मान्य करायला लावला.

दुसरे उदाहरण टक्क्यांचे. रक्तवाहिनी ‘नव्वद टक्के ब्लॉक’ आहे असे कळताच मराठी मध्यमवर्गीय घरात कुणी तरी हमखास म्हणते, ‘मॅट्रिकला मिळाले नाहीत ते आता मिळाले.’ या विनोदाचा वर्ग, काळ आणि सामाजिक स्तर स्पष्ट आहे. ज्या घरात टक्के या शब्दाला गुणपत्रिकेखेरीज अर्थ नव्हता त्या घरात तो अहवालाबरोबर नव्या अर्थाने शिरतो. घर त्याला आपल्या जुन्या कोशात बसवून घेते. वैद्यकाची परकी संज्ञा अशा रीतीने घरगुती होते. हे भाषांतर शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे असेल. पण ज्याचे भाषांतर करता येत नाही त्याविषयी निर्णयही घेता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

येथे सूसन सोंटाग यांचे एक निरीक्षण स्मरते. ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) या पुस्तकात क्षय आणि कर्करोग यांच्याभोवतीच्या रूपकांचा समाचार घेताना त्यांनी हृदयविकार वेगळा काढला आहे. त्यांच्या मते तो यंत्रातील बिघाडासारखा मानला जातो, म्हणून त्यात लाज नाही आणि लपवाछपवीही नाही. मराठीत हे अर्धेच खरे आहे. आपल्या बोलण्यात हृदयविकारासाठी नळ, पंप, पाइप, ‘चोकअप’ हे शब्द सर्रास येतात, ते यंत्राच्या रूपकातलेच. परंतु ज्या अवयवाविषयी हे चालले आहे त्याची दुसरी शब्दसंपदा त्याच वेळी जागी असते. काळजाचे पाणी होणे, काळजाला घरे पडणे, हृदयाला पाझर फुटणे, उर भरून येणे, छातीचा कोट करणे. त्यातही ‘काळीज’ हा शब्द गमतीचा आहे. भावनेच्या व्यवहारात तो हृदयाचा वाचक, तर खाटकाच्या दुकानात यकृताचा. आणि ‘काळजी’ हा शब्दही त्याच घराण्यातला. एका बाजूस नळ दुरुस्त करणाऱ्याची भाषा आणि दुसऱ्या बाजूस भावकवितेची भाषा, या दोहोंच्या सांध्यावर रुग्ण उभा असतो. पायाची शीर काढून हृदयाला जोडणार हे ऐकल्यावर एखाद्या आजीला ‘पायीची वहाण पायी बरी’ ही म्हण आठवावी, यात तिचे अज्ञान नाही. दोन भाषाव्यवस्था एकमेकींवर आदळल्याचा तो आवाज आहे. विनोदाचे मूळ विसंगतीत असते हे आपण वर्गात शिकवतो. येथे ती विसंगती कुणी रचलेली नाही; ती अवयवाच्या नावातच आहे.

४

आता रससिद्धान्ताकडे वळू. साहित्यशास्त्राने काही रसांना परस्परविरोधी मानले आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस म्हणून सांगितले. आपला प्रसंग नेमका या तिहींच्या तिठ्यावर आहे. शास्त्राप्रमाणे पाहता इस्पितळाच्या खोलीतील हास्य हा रसदोष ठरावा. पुष्कळ नातेवाईक हाच दोष व्यवहारात दाखवतात : ‘हसण्यावारी काय नेताय? वेळ काय आहे?’

परंतु विरोध सांगून शास्त्र थांबलेले नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात विरोध टाळण्याचे मार्गही सांगितले आहेत. विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवावेत. दोहोंच्या मध्ये तिसरा, अविरोधी रस आणावा. किंवा एकाला दुसऱ्याचे अंग करावे. ही योजना काव्यासाठी आहे. व्यवहारातील संवादाला ती जशीच्या तशी लावता येणार नाही, याची जाणीव ठेवूनही ती येथे विलक्षण उपयोगी पडते असे दिसते.

पहिल्या प्रकारात भयाचा आश्रय रुग्ण आणि हास्याचा आश्रय कुटुंब असते. मेहुणा विनोद करतो, रुग्ण क्षीण हसतो. विरोध टळतो खरा, पण रुग्ण एकटा पडतो. भय त्याच्यापाशीच राहते. दुसऱ्या प्रकारात मध्ये वत्सल येतो. पथ्याच्या यादीवरून चाललेली चेष्टा, ‘आता तुमच्या साजूक तुपावर माझी सत्ता’ असे पत्नीचे म्हणणे, नातवाने आजोबांच्या छातीला कान लावून ‘चालू आहे’ असे जाहीर करणे. येथे हास्य आणि भय यांच्यामध्ये माया उभी असते आणि दोहोंना धरून ठेवते. कौटुंबिक आधार म्हणतात तो काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा अंतरित रस होय. तिसऱ्या प्रकारात रुग्ण स्वतःच विनोद करतो. आश्रय एकच. तेथे भय नाहीसे होत नाही, ते हास्याचे अंग होते. मघाचे ‘आधी तुमची की माझी?’ हे या तिसऱ्या प्रकारातले.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणे ते परस्थ. या भेदाला आपल्या प्रसंगात नवे वजन येते. रुग्णाला हसवणे हे कुटुंबाचे कर्तव्य मानले जाते. रुग्णाने कुटुंबाला हसवणे ही मात्र त्याची देणगी असते. ज्याच्याकडून काहीच अपेक्षित नाही, जो केवळ घेणारा ठरवला गेला आहे, तो त्या क्षणी देणारा होतो. आजारपणात माणसाची पत जाते ती प्रामुख्याने देण्याची शक्ती गेल्यामुळे. परस्थ हास्य ती पत राखते.

फ्रॉइड यांनी १९२७ च्या विनोदावरील छोट्या निबंधात हाच तिसरा प्रकार मानसशास्त्रीय भाषेत मांडला आहे. एरवी कठोर असणारा परा-अहं विनोदाच्या क्षणी वडीलधाऱ्यासारखा होतो आणि घाबरलेल्या अहंला सांगतो, की जग म्हणतात ते एवढेच, त्यावर हसता येते. सोमवारी फाशी जाणारा गुन्हेगार आठवड्याची सुरुवात छान झाली असे म्हणतो, हे त्यांचे आवडते उदाहरण. पण फ्रॉइड यांचा गुन्हेगार एकटा आहे. त्याचा वडीलधारा त्याच्या आत आहे, कारण बाहेर कुणी नाही. आपल्याकडे तो वडीलधारा प्रतीक्षागृहात डबा घेऊन बसलेला असतो. आतल्या परा-अहंने जे सांगायचे ते बाहेरचा मोठा भाऊ मोठ्याने सांगत असतो. म्हणून मराठी कौटुंबिक विनोदाचे विश्लेषण केवळ व्यक्तिमनाच्या आधारे करता येत नाही; त्याचा वक्ता बहुधा सामूहिक असतो.

याच्या उलट टोकाला झाँ-ल्यूक नान्सी यांचे ‘लँत्रू’ (२०००) हे लहानसे पुस्तक ठेवता येईल. स्वतःवर झालेल्या हृदयप्रत्यारोपणाच्या अनुभवातून या फ्रेंच तत्त्वज्ञाने आगंतुकाचे चिंतन केले. परके हृदय आत आले, पण त्यापूर्वी स्वतःचे निकामी होत चाललेले हृदयही परकेच झाले होते, असा त्याचा रोख आहे. चिंतन असामान्य आहे. परंतु त्यातला ‘मी’ स्वतःशीच बोलतो आणि तो हसत नाही. हा गुणदोषाचा प्रश्न नसून वक्त्याच्या रचनेचा आहे. ज्या संहितेत ‘आपण’ नाही, तिच्यात आगंतुकही वेगळ्या प्रकारचा असणार.

५

येथवरच्या विवेचनाने कौटुंबिक विनोदाचे कौतुकच झाले, असा समज होण्याचा संभव आहे. तसा तो होऊ नये. या विनोदाच्या दोन घातक शक्यता आहेत आणि त्या दडवून समीक्षा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पहिली शक्यता विनोदाला औषध मानण्याची. नॉर्मन कझिन्स यांच्या ‘ॲनाटमी ऑफ ॲन इलनेस’ (१९७९) या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली. मार्क्स बंधूंचे चित्रपट पाहून मनसोक्त हसल्यावर वेदनेविना झोप लागे, हा त्यांचा १९६४ च्या दुखण्यातील अनुभव सुविख्यात आहे. १९८० साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर बायपासचा मार्ग न स्वीकारता त्यांनी जे केले त्याचे कथन ‘द हीलिंग हार्ट’ (१९८३) मध्ये आहे. या दुसऱ्या पुस्तकाच्या उपशीर्षकात हास्य नाही. घबराट आणि असहायता यांवरचे उतारे आहेत. पहिल्या पुस्तकाची लोकप्रियता दुसऱ्याच्या वाट्याला आली नाही, हेही बोलके आहे. वाचकाला ‘हसा म्हणजे बरे व्हाल’ हे सूत्र हवे होते. ‘डॉक्टरांशी बरोबरीने बोला’ हे नको होते. हसण्याचे औषधात रूपांतर पूर्णत्वाला गेले ते आपल्याच मुंबईत. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी हास्यमंडळाची चळवळ सुरू केली. आरंभी तेथे विनोद सांगितले जात. लवकरच ते संपले आणि विनोदाविना हसण्याचा व्यायाम रूढ झाला. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे मूल्य काय हा वैद्यकाचा विषय. समीक्षेच्या दृष्टीने मात्र येथे एक तर्क शेवटाला पोचलेला दिसतो. हसू उपयुक्त आहे असे एकदा ठरले की त्याला अर्थाची गरज उरत नाही. सल्लामसलतीच्या खोलीतील विनोद याच्या नेमका उलट आहे. त्याने रक्तदाब उतरो वा न उतरो, त्याला अर्थ असतो.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. विनोद हा लपवाछपवीचा पडदा होऊ शकतो. ‘त्यांना सांगू नका’ ही आपल्या घरांतील जुनी रीत. डॉक्टरांशी दाराबाहेर बोलायचे आणि आत येताना चेहऱ्यावर हसू आणायचे. अशा वेळी ‘काही नाही हो, नळ साफ करायचाय’ हा विनोद माहितीच्या जागी ठेवलेला असतो. रुग्ण हसतो, कारण हसण्यावाचून त्याच्या हाती काही ठेवलेले नाही. वरून तो मघाच्या टक्क्यांच्या विनोदासारखाच दिसतो. पण तेथे परकी संज्ञा घरात आणली जात होती, येथे ती घराबाहेर अडवली जाते. एक भाषांतर आहे, दुसरा गाळणी लावण्याचा प्रकार.

या ठिकाणी कायद्याची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे ठरवले, की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असताना, केवळ ती भुलीखाली आहे म्हणून तिच्या आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. प्रकरण हृदयाचे नव्हते, पण तत्त्व सर्वत्र लागू पडणारे आहे. संमतीपत्राला ‘आपण’ चालत नाही. त्याला ‘मी’ लागतो. आपल्या घरांची व्याकरणव्यवस्था आणि संमतीपत्राची व्याकरणव्यवस्था यांच्यात असे अंतर आहे. कुटुंबाच्या ‘आपण’ने रुग्णाच्या ‘मी’ला उभे राहायला हात दिला तर ते अंतर सांधले जाते, त्याने ‘मी’ला गिळले तर सही राहते आणि सही करणारा नाहीसा होतो. चांगला कौटुंबिक विनोद आणि वाईट कौटुंबिक विनोद यांतला भेद येथे सापडतो. पहिल्यानंतर रुग्ण प्रश्न विचारू लागतो, दुसऱ्यानंतर तो विचारायचे थांबतो. विनोदाच्या दर्जाची ही कसोटी सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत आढळणार नाही. पण ती बाहेरून लादलेली नाही, कारण विनोद ज्या संवादाचा भाग आहे त्या संवादाच्या पुढच्या वाक्याकडेच ती बोट दाखवते.

६

मराठी विनोदाची परंपरा या कसोटीवर कशी दिसते? श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्यापासून चिं. वि. जोशी यांच्यापर्यंत आणि तेथून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत आलेला मध्यमवर्गीय विनोद हा मुख्यतः घराचा आणि शेजाराचा विनोद आहे. ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ घ्या. वजन उतरवण्याचा संकल्प केलेल्या निवेदकावर चाळकऱ्यांच्या सल्ल्यांचा जो वर्षाव होतो, तो मराठी समाजातील सल्ला या भाषिक व्यवहाराचे आजवरचे सर्वोत्तम चित्रण म्हणता येईल. जो तो तज्ज्ञ, जो तो स्वानुभवाचा दाखला देणारा, आणि दोन सल्ल्यांत मेळ नाही. हृदयविकाराचे निदान झालेल्या कोणत्याही घरात पहिल्या आठवड्यात हीच चाळ अवतरते. लसूण, अर्जुनाची साल, कुणाच्या तरी आतेभावाचा चमत्कार. फरक एवढाच, की ‘उपास’मधील निवेदक स्वतःवर हसणारा आहे आणि हसण्याची सूत्रे त्याच्याच हाती आहेत. सल्ल्यांच्या भडिमारातही त्याचा ‘मी’ शाबूत राहतो, किंबहुना त्या भडिमाराचे कथन करूनच तो शाबूत राहतो.

पण या परंपरेत एक मोठी रिकामी जागाही आहे. तिच्यातील हसणारा निवेदक बहुधा पुरुष असतो, आणि बायको ही हसण्याचा विषय असते. रुग्ण जर घरातील बाई असेल तर? स्त्रियांचा हृदयविकार पुष्कळदा छातीत कळ येण्याच्या परिचित रूपाऐवजी दम लागणे, थकवा, मळमळ अशा रूपांत प्रकटतो आणि म्हणून उशिरा ओळखला जातो, हे वैद्यकाने आता मान्य केले आहे. या उशिरामागे भाषेचाही हात आहे. ‘हिचे नेहमीचेच दुखणे’ हे वाक्य निदानाच्या आड येते, आणि तेही अनेकदा हसत हसत उच्चारलेले असते. पतीच्या आजारात पत्नी डबा, रात्रीचे जागरण आणि विनोद ही तिन्ही कामे करते. पत्नीच्या आजारात ‘आता चहा कोण करणार’ हा विनोद तिला तिच्या अनुपस्थितीबद्दल अपराधी करतो. सर्वनामाची तीच व्यवस्था येथेही लागू पडते. घराच्या ‘आपण’मध्ये ती सदैव धरलेली असते, म्हणून तिचा ‘मी’ वेगळा ऐकण्याची कुणाला सवय नसते.

यावरचे उत्तरही परंपरेतच आहे, फक्त आपण ते विनोदी वाङ्मयाच्या यादीत शोधत नाही. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, पतीचा लहरी स्वभाव, ताटातूट, धर्मांतर, प्लेग, मृत्यू असा सारा करुणाचा ऐवज लक्ष्मीबाईंनी ज्या हसऱ्या आवाजात सांगितला आहे, त्यात भय हे हास्याचे अंग झालेले दिसते. तो आवाज कुणाची मनधरणी करीत नाही आणि कुणाला लपवीतही नाही. घर ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत एका बाईचा ‘मी’ कसा उभा राहतो, याचे हे उदाहरण आहे. हृदयविकारावर लिहू पाहणाऱ्या लेखिकेने साक्षात्काराच्या परंपरेपेक्षा या परंपरेकडे पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

७

या विवेचनातून समीक्षेपुरते तीन निष्कर्ष काढता येतील. एक, आजाराच्या कथनाचे केंद्र शस्त्रक्रियेवरून सल्लामसलतीकडे हलवले तर त्यातील बहुवाचिकता दिसू लागते आणि ‘धैर्य’ या एकाच मूल्याची मक्तेदारी संपते. दोन, रसविरोध आणि त्याचा परिहार ही संकल्पना केवळ अभिजात काव्याच्या अभ्यासापुरती ठेवण्याचे कारण नाही. भय आणि हास्य एकत्र नांदतात अशा आधुनिक गद्याच्या विश्लेषणात ती ‘ब्लॅक ह्यूमर’ या सैल संज्ञेपेक्षा अधिक नेमके काम करते, कारण ती आश्रयाचा प्रश्न विचारते. तीन, सर्वनामे मोजण्याचे रूक्ष वाटणारे काम अशा लेखनाच्या नैतिक बाजूपर्यंत पोचण्याचा भरवशाचा मार्ग आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी एखादे आजाराचे आत्मकथन घेऊन त्यातील ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची नोंद प्रकरणागणिक करून पाहावी. डॉक्टरांच्या खोलीत ‘मी’ कोठे नाहीसा होतो आणि कोणत्या वाक्याने परत येतो, हे तिच्यातून कळेल. ते वाक्य पुष्कळदा विनोदाचे असेल, आणि म्हणून आजवरच्या वाचनात किरकोळ समजून ओलांडले गेलेले असेल.